ट्रॅक्टर गावात आहेत. डोझर आणि दर पावसाआधी ठरवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की जिल्हा आणि तालुका पातळीवर मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका होतात आणि त्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात आम्ही दरवर्षी वाचतो. बोटी, लाइफ जॅकेट, नियंत्रण कक्षाचे दूरध्वनी क्रमांक, नदीकाठच्या गावांची यादी असे सगळे त्यांत असते आणि ते असायलाच हवे. मात्र पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गावापुढे जे काम उभे राहते, म्हणजे रस्त्यावरचा, वस्तीवरचा, गोठ्यातला आणि विहिरीतला गाळ काढण्याचे, त्याची आधी काही आखणी झाल्याचे माझ्या वाचनात कधी आलेले नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर हे काम मी स्वतः केले. त्यानंतरच्या हिवाळ्यात लेकीकडे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दोन महिने राहण्याचा योग आला, जिथे एकेका बर्फवृष्टीनंतर दारातले ढीग बाजूला सारल्याशिवाय माणसाला घराबाहेर पडता येत नाही. त्यांचा बर्फ आणि आपला गाळ यांची तुलना काहींना ओढूनताणून केलेली वाटेल, परंतु दोन्ही कामे मी ट्रॅक्टरच्या सीटच्या उंचीवरून पाहिली आहेत आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आमची वस्ती परंडा तालुक्यात, सीना नदीच्या काठापासून फार लांब नाही. त्या सप्टेंबरात पाणी गोठ्याच्या गव्हाणीवरून गेले आणि ओसरल्यावर दाराच्या उंबऱ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत गुडघ्याच्या खाली येईल इतका गाळ राहिला. कडब्याची गंज बसल्या जागी कुजू लागली होती आणि जनावरे ज्या उंचवट्यावर बांधली होती तिथपर्यंत वैरणीची ट्रॉली जाऊ शकत नव्हती. माझा ट्रॅक्टर पंचेचाळीस अश्वशक्तीचा, तो सुदैवाने गावठाणात उंचावर उभा होता. शेडमध्ये रोटाव्हेटर होता, पलटी नांगर होता, कल्टिवेटर होता, पेरणी यंत्र होते; म्हणजे माती फोडणारी, उलटवणारी आणि भुसभुशीत करणारी सगळी अवजारे होती, पण माती पुढे लोटणारे एकही नव्हते. परिसरात जेसीबी होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्याला त्याला ते त्याच दिवशी हवे होते. ज्याच्याशी आमचे बोलणे झाले होते त्याने दोन दिवसांत तासाचा दर जवळपास दुप्पट सांगितला आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलणे बंद केले. त्याला दोष देऊन उपयोग नाही. दर आधी ठरलेलाच नव्हता, मग मोडला तरी काय म्हणायचे?

शेवटी आम्ही शेत सपाट करायची लोखंडी फळी मागे जोडली आणि रस्ता मोकळा करायला निघालो. पहिल्या पन्नास फुटांतच चूक कळली. फळी मागे असल्यामुळे आधी चाके गाळात जात होती, तो दाबत होती आणि मग फळी त्या दाबलेल्या गाळावरून नुसती घसरत होती. काळ्या मातीचा गाळ, त्यात चिकणमातीचे प्रमाण जास्त. तो टायरच्या गुट्ट्यांत असा भरला की चाके गुळगुळीत गोल दिसू लागली. ट्रॅक्टर रुतला. तो ओढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला तेव्हा कोणीतरी साखळी लिफ्टच्या वरच्या पिनेला बांधायला निघाला होता. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी ड्रॉबारच्या, म्हणजे मागच्या बाजूला खाली असलेल्या ओढायच्या दांड्याच्या, वर बांधली की जोर लागताना त्याची पुढची चाके उचलली जातात आणि तो मागे उलटून चालकाच्या अंगावर येऊ शकतो. गावात एका जुन्या ड्रायव्हरने ओरडून थांबवले म्हणून ते टळले.

आता मिनेसोटाचे सांगतो. लेकीचे घर गावाबाहेर आहे आणि मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत सुमारे तीनशे फुटांची खडीची वाट आहे. ती वाट साफ करायला शेजारचा एक दुग्ध व्यावसायिक शेतकरी येतो, माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याच्या ट्रॅक्टरला पुढे लोडरचे बकेट आणि मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणारा स्नो ब्लोअर असतो, ज्यात एक आडवा स्क्रू बर्फ आत ओढतो आणि पंखा तो धुराड्यासारख्या नळीतून दूर फेकतो. मागचा ब्लोअर वापरताना तो ट्रॅक्टर उलटा चालवतो, म्हणजे चाके न दबलेल्या बर्फावर जातच नाहीत. मान मात्र सतत मागे वळवून ठेवावी लागते आणि त्याची तक्रार तो रोज करीत असे. आमच्या फळीचा घोटाळा नेमका काय झाला होता हे मला तिथे, उणे वीस अंशांत, खिडकीतून बघताना समजले.

त्या माणसाची खरी तयारी मात्र बर्फ पडण्याच्या कितीतरी आधीची असते. जमीन गोठण्यापूर्वीच त्याने वाटेच्या दोन्ही कडांना रंगीत काठ्या रोवलेल्या होत्या, कारण बर्फ पडल्यावर वाट कुठे संपते आणि चर कुठे सुरू होतो हे दिसत नाही. ब्लेडच्या खाली लोखंडी पावले असतात आणि ती अशी बसवतात की ब्लेड खडीच्या बोटभर वरून जाते. नाहीतर बर्फाबरोबर सगळी खडी शेतात जाऊन पडते. पहिल्या बर्फालाच ढीग कडेपासून शक्य तितका लांब लोटून ठेवतात, कारण जवळ ठेवलेला ढीग गोठून दगडासारखा होतो आणि जानेवारीत पुढचा बर्फ टाकायला जागाच उरत नाही. इंजिनाला रात्रभर विजेच्या हीटरवर ठेवतात, आपण मोबाइल चार्जिंगला लावतो तसे. थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबू नये म्हणून हिवाळी डिझेल वेगळे मिळते. आपण मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरतो, तिथे पाणी गोठेल म्हणून कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरतात किंवा बीटपासून साखर काढताना उरणाऱ्या रसापासून बनवलेले द्रव भरतात. साखर कारखान्यांच्या मुलुखातून गेलेल्या मला ते ऐकून उगीचच घरी असल्यासारखे वाटले. ब्लोअरला, आपल्या रोटाव्हेटरच्या शाफ्टला असतो तसाच, मुद्दाम नाजूक ठेवलेला शिअर बोल्ट असतो, म्हणजे काही अडकले तर तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. संपादक महोदय, तो बोल्ट तुटण्याचे एक नेहमीचे कारण आपल्याला सांगायलाच हवे: बर्फाखाली गाडले गेलेले, गोठलेले वर्तमानपत्र.

बर्फ आणि गाळ यांत मोठा फरक आहे तो वजनाचा. शंभर फूट लांब आणि बारा फूट रुंद वाटेवर फूटभर थर साचला तर तो बाराशे घनफूट, म्हणजे आपल्या भाषेत बारा ब्रास होतो. ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर त्याचे वजन साडेतीन टनांच्या आसपास भरते, कारण त्यात बहुतांश हवाच असते. तेवढाच ओला गाळ साठ टनांच्या घरात जातो. म्हणून बर्फाचे यंत्र उचलून आणून इथे चालेल असे माझे मुळीच म्हणणे नाही. ब्लोअर तर आपल्या चिखलात पाच मिनिटे चालणार नाही. इथे पुढे बसणारा डोझर, म्हणजे माती लोटणारे पाते, किंवा ती उचलणारा लोडर लागतो, तोही एका दमात सगळा थर न खरवडता वरून चार-चार बोटे घेणारा, आणि लोटलेला गाळ भरून न्यायला किमान दोन ट्रॉल्या लागतात.

वेळेचे गणितही वेगळे आहे. बर्फ जितका लवकर हटवाल तितका हलका, तुडवला गेला की घट्ट. गाळाचे तसे सरसकट सांगता येत नाही. घरातला, गोठ्यातला आणि फरशीवरचा गाळ ओला असतानाच काढावा, पाण्याच्या जोरावर तो फावड्याने आणि लाकडी फळीने निघतो. तोच उन्हात वाळला की भेगाळून भिंतीला धरतो आणि पहार लागते. शेतातल्या गाळाला मात्र हात लावण्याची घाई करू नये. वाफसा येण्याआधी, म्हणजे जादा ओल निघून जाण्याआधी, काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर खालची जमीन दबून पुढचे दोन हंगाम पाणी मुरत नाही. माझ्या शेजाऱ्याने हौसेने घातला आणि रब्बीची ज्वारी चाकोऱ्यांवर पिवळी पडलेली सगळ्यांनी पाहिली. म्हणजे पुरानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत यंत्राचे खरे काम रस्ता, वस्ती, गोठा, शाळा, पाण्याची टाकी आणि विजेच्या डीपीपर्यंतची वाट एवढेच असते आणि ते गावातल्या गावात उरकण्यासारखे आहे. विहिरीचे काम निराळे. तिथे जेसीबीचा हात पोचत नाही, यारी लावूनच गाळ वर घ्यावा लागतो.

आता मूळ मुद्दा. ब्रिटनमध्ये ग्रामीण भागातील बऱ्याच स्थानिक परिषदा हिवाळ्यापूर्वीच आसपासच्या शेतकऱ्यांशी बर्फ हटवण्याचे करार करून ठेवतात. काही ठिकाणी बर्फाचा नांगर परिषदेचा असतो आणि ट्रॅक्टर व चालक शेतकऱ्याचे. कोणता रस्ता कोणी मोकळा करायचा आणि तासाला किती मिळणार हे आधी कागदावर असते. शेतीसाठी सवलतीत मिळणारे लाल डिझेल बर्फ हटवायला वापरण्याची मुभाही तिथे दिलेली आहे. हिवाळ्यात रिकामा उभा असलेला ट्रॅक्टर त्या निमित्ताने चार पैसे मिळवतो आणि परिषदेला वर्षातले पंधरा दिवस लागणारी अवजड वाहने बारा महिने पोसावी लागत नाहीत. मिनेसोटात आणखी एक गोष्ट पाहिली: मोकळ्या माळावरून वाऱ्याने बर्फ वाहून रस्त्यावर साचतो अशा ठिकाणी राज्याचे वाहतूक खाते शेतकऱ्यांना पैसे देऊन रस्त्याकडेच्या मक्याच्या काही ओळी कापू न देता उभ्याच ठेवायला सांगते. वारा त्या ओळींशी मंदावतो, बर्फ तिथेच पडतो आणि रस्ता मोकळा राहतो. मक्याची भरपाई यंत्रांच्या फेऱ्यांपेक्षा स्वस्त पडते, असा तो हिशेब आहे.

आपल्याकडे बर्फ म्हणजे दूरचित्रवाणीवर दिसणारी सीमा सडक संघटनेची रोहतांग किंवा झोजिला घाटातली यंत्रे, नाहीतर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली ती गारपीट, जेव्हा रब्बीच्या रानात गारांचा पांढरा थर बसला होता. म्हणून बर्फाच्या व्यवस्थेतून आपण काही घ्यावे हे सहसा सुचत नाही. पण ग्रामपंचायतीने शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरशी आधीच करार करण्याला बर्फच पडायला हवा असे थोडेच आहे?

सप्टेंबर २०२५ च्या नुकसानीनंतर राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख, रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे आणि गाळाने भरलेल्या विहिरीसाठी ३० हजार रुपये अशा तरतुदी होत्या. त्या हव्याच होत्या आणि मी त्यांना नावे ठेवत नाही. पण ती नुकसानभरपाई आहे. पंचनामा, यादी, आधार जोडणी या वाटेने ती येणार. पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात गावाला हवे असतात ते यंत्राचे तास आणि डिझेल, आणि नेमके त्यासाठी ग्रामपंचायतीच्या हातात आगाऊ मान्यतेचा एक रुपयाही नसतो. सरपंच आणि ग्रामसेवक स्वतःच्या भरवशावर पंपावर उधारी मांडतात, हे मी पाहिले आहे.

म्हणून माझी विनंती अशी की मे महिन्याच्या ग्रामसभेत प्रत्येक नदीकाठच्या गावाने आपल्या ट्रॅक्टरधारकांपैकी इच्छुकांची नावे, त्यांचे रस्ते आणि तासाचा दर ठरवून ठराव करावा आणि आपत्तीच्या काळात तहसीलदारांनी त्याच ठरावावर, ट्रॅक्टरच्या तास-मीटरच्या नोंदीप्रमाणे, पंधरा दिवसांत पैसे द्यावेत. दर अवास्तव कमी ठेवू नये. रात्री-अपरात्री चिखलात क्लच आणि टायर झिजवणाऱ्याला चालू बाजारभाव मिळायलाच हवा, नाहीतर ठराव कागदावर राहील. भाडेतत्त्वावरच्या अवजारे बँकांना अनुदान देताना आजवर रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र यांवरच भर राहिला आहे. नदीकाठच्या गावांतल्या बँकांना ट्रॅक्टरच्या पुढे बसणारा एक डोझर, एक लोडर आणि एक चिखलाचा पंप घेण्याची सक्ती नसली तरी मुभा आणि अनुदान असावे. ही अवजारे वर्षभर पडून राहतील अशी शंका काढली जाईल, तर पाणंद दुरुस्ती, शेणखताचे ढीग भरणे आणि उसाच्या वाहतुकीचे रस्ते नीट करणे या कामांना ती रोज लागतात.

ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमा शेतीकामासाठी असतो, आणि असा ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्या कामाला लावताना अपघात झाला तर दाव्यात अडचण येऊ शकते. आपत्तीच्या काळात ग्रामपंचायतीच्या ठरावानुसार केलेले काम विम्यात धरले जाईल, असा स्पष्ट आदेश आधीच निघाला नाही, तर शहाणा माणूस ट्रॅक्टर बाहेर काढणार नाही. त्याचबरोबर मडगार्डवर पोरे बसवून गाळ लोटण्याची आपली सवयही या ठरावाने बंद करावी; या कामात ट्रॅक्टर सारखा पुढे-मागे होतो आणि मागे कोण उभे आहे हे चालकाला दिसत नाही.

काढलेला गाळ टाकायचा कुठे, हेही आधी ठरले पाहिजे. मिनेसोटात आपल्या दारातला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर लोटणे कायद्याने मना आहे. आमच्याकडे त्या पुरानंतर पहिल्या दोन दिवसांत निम्म्या गावाने गाळ ओढ्यात लोटला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या जोराच्या सरीला तोच ओढा तुंबून खालच्या आळीत पाणी शिरले. खरे तर २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून आपणच तलावातला गाळ ट्रॉलीने आणून माळरानावर पसरतो; पुराने दारात आणून टाकलेला बारीक गाळ हलक्या जमिनीला तितकाच उपयोगी पडू शकतो. वाळू जास्त असलेला गाळ मात्र वेगळा ठेवावा, काळ्या रानात तो मिसळून चालत नाही. गावातली एखादी गायरानातली जागा गाळासाठी नेमून दिली आणि ज्याला हवा त्याने तिथून न्यावा असे ठरवले, तर ओढा वाचेल.

मक्याच्या ओळींची आपली आवृत्ती काय असू शकते, हे जाणकारांनी सांगावे. मला एवढेच दिसले की ज्या दोन शेतकऱ्यांच्या नदीकडच्या बांधावर बांबू आणि वाळ्याचे गवत दाट होते, त्यांच्या बांधाशीच बराच गाळ थांबला आणि त्यांची वाट आमच्या आधी मोकळी झाली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या भागातील मातीसाठी अवजारे केली आहेत. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला पुढे बसणारे, काळ्या गाळात न चिकटणारे आणि गावच्या वेल्डिंगवाल्याला दुरुस्त करता येईल असे डोझरचे पाते त्यांनी तयार करून द्यावे, अशी विनंती मी या पत्राद्वारे करतो.

आमच्या गावात पुढच्या ग्रामसभेसाठी सात ट्रॅक्टरधारकांनी तोंडी होकार दिला आहे. डोझर एकाकडेच आहे, तोही भंगारातून आणून जोडलेला. काठ्या रोवण्याचे काम मात्र आम्ही पावसाची वाट न पाहता केले आहे: गावठाणापासून वस्तीपर्यंतच्या वाटेला दोन्ही कडांनी, दर वीस पावलांवर, वरच्या टोकाला पांढरा रंग दिलेली बाभळीची खुंटी ठोकली आहे.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक
ता. परंडा, जि. धाराशिव